मागल्या दाराची राखण

साखळीहून येताना उंडे, म्हणजे इथले पाव, आणायचे होते, सासूबाईंसाठी डोकेदुखीच्या गोळ्या आणायच्या होत्या, आणि जमलंच तर कापितांवला गुरांच्या डॉक्टरांना दाखवायचं होतं. कामं सासऱ्यांनी ज्या क्रमाने सांगितली त्याच क्रमाने लिहिते आहे. कुत्रं शेवटी.

गेल्या मे महिन्यातली ही गोष्ट. आता बाहेर पाऊस आहे, वीज गेली आहे, कंदिलाची काच मी मघाशीच पुसून घेतली आहे. घरातली माणसं निजली आहेत. रात्रीची मला भीती वाटत नाही. आमच्या लाटंबार्श्याच्या घरात भ्यायची वेळ वेगळी आहे.

कापितांव हे आमच्या कुत्र्याचं नाव. पिल्लू सासूबाईंनी आणलं होतं, नाव आजेसासऱ्यांनी ठेवलं. पोर्तुगीज असताना कुणा कापितांवाने, म्हणजे त्यांच्या कप्तानाने, आजेसासऱ्यांना भर बाजारात टोपी काढायला लावली होती. तो मायदेशी निघून गेला आणि पुढे केव्हातरी आजेसासऱ्यांनी त्याच्या हुद्द्यावर कुत्रं बसवलं. चौदा वर्षं त्या कुत्र्याने तो हुद्दा सांभाळला. मी माघात लग्न होऊन आले, तेव्हा सगळ्या घरात मला न्याहाळून न बघणारा तो एकटाच होता. वास घेतला, ठीक आहे म्हणाला, आणि माझ्या सावलीत जाऊन बसला.

डॉक्टरांनी त्याचं पोट चाचपलं. गाठ मला बाहेरूनसुद्धा दिसत होती.

"पसरली आहे," ते म्हणाले. "चार दिवस, फार तर आठवडा. पेज घेतली तर द्या. सावलीत ठेवा, पाणी जवळ असू दे. फारच कळवळला तर घेऊन या, इंजेक्शन देतो. शांत झोपेल."

माझे यजमान, रघुनाथ, खाणीवर ट्रक चालवतात. येताना ट्रकच्या केबिनमध्ये कापितांव माझ्या मांडीवर होता. लाल धुळीने आम्ही तिघेही एकाच रंगाचे झालो होतो. घाटी आली तशी यजमानांनी गिअर बदलला. मग म्हणाले, "बाबांक सांगू नको, चार दिस म्हणान."

"का?"

"तू सांगू नको गो."

अर्थात सासऱ्यांनी विचारलं आणि यजमानांनीच सांगितलं.

सासरे, सखाराम, ओट्यावर बसून पेपर वाचत होते. त्या दिवसांत सगळं गाव ओट्यावर बसूनच असायचं. महिनाअखेर गोवा घटकराज्य होणार होता, आणि कोंकणी की मराठी यावरून चहा थंड होत होते. सासरे मराठीवाले. मराठीची बाजू ते तासन् तास कोंकणीतून मांडत.

"चार दिस?" त्यांनी पेपर खाली ठेवला. "म्हणजे घरातच मरतला. ता जमाचा नाय. सून येवन वर्स जावक नाय. पयल्या वर्सा उंबऱ्यार मरण नाका."

हे ऐकून मी स्वयंपाकघराच्या दारातून बाहेर आले. माझ्या नावावर इतकं मोठं काही पहिल्यांदाच निघत होतं.

"बाबा, माझं काही म्हणणं नाही," मी म्हटलं. "मरू दे त्याला इथंच. मी बघेन त्याचं."

"तुका कोणी विचारूक नाय गो."

ते खरंच होतं.

त्यांचं ठरलं ते असं. इथं जुन्या राखणीच्या कुत्र्याला शेवटी शिमेपार नेऊन सोडायची रीत आहे. दोडामार्गाच्या अंगाला, जिथं गावाची शीव आणि गोव्याची शीव एकच आहे, तिथं कातळावर राखणदाराचा दगड आहे. त्याच्यापुढे गाऱ्हाणं घालायचं, जनावर पलीकडे ठेवायचं आणि मागे न बघता यायचं. शिवेपलीकडे माझं माहेर, बांद्याकडे. म्हणजे सून तिकडून आणली आणि कुत्रं तिकडे पोचवलं. व्यवहार चोख.

"त्याला चालवत नाही," मी म्हटलं.

"म्हणान तर गोणी आसा."

मी सासूबाईंकडे बघितलं. कापितांवला सकाळची पेज घरातल्या पुरुषांच्या आधी वाढणारी ही बाई. त्या खोबरं किसत होत्या. किसणी थांबली नाही, मान वर झाली नाही. त्यांचा मला सगळ्यांत जास्त राग आला.

इथं दुपारच्या झोपेबद्दल सांगायला हवं. गोव्यात ती झोप घटकराज्य होण्याआधीपासूनचा हक्क आहे. जेवणं झाली की दुकानं मिटतात, रस्ते मिटतात, माणसं मिटतात. मला माहेरी ती सवय नव्हती. सगळे निजले की मी मागल्या खोलीत पडून छपराची कौलं बघत असे, आणि म्हणून मला ठाऊक होतं की कापितांव दुपारी झोपत नाही. बाहेर काजूच्या झाडांतले किडे एकाएकी गप्प व्हायचे. तो उठायचा, मागल्या दारात जायचा आणि परसाच्या बेड्याकडे तोंड करून उभा राहायचा. बेडं म्हणजे तीन आडवे बांबू सरकवून बंद करायचं फाटक. त्याच्या पलीकडे काजूंतून जाणारी पायवाट, आणि पायवाटेवर कधीच कुणी नाही. पाठीवरचे केस उभे करून तो खालच्या आवाजात गुरगुरायचा, बराच वेळ. मग किडे पुन्हा सुरू व्हायचे आणि तो येऊन धपकन आडवा व्हायचा, दिवसभर नांगर ओढलेल्या बैलासारखा. गाठ झाल्यावरही त्याने एक दुपार चुकवली नाही. भिंतीला अंग टेकवून उभा राहायचा.

यजमानांना मी एकदा विचारलं होतं. "सवय तेची," ते म्हणाले आणि कूस बदलली.

तर दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही शिवेवर गेलो. मी हट्टाने गेले. कापितांव गोणीत होता, डोकं बाहेर, हनुवटी माझ्या हातावर. कातळ तेव्हाच तापायला लागला होता. सासऱ्यांनी नारळ ठेवला, विडे ठेवले, हात जोडले, आणि त्यांचा रोजचा आवाज जाऊन गाऱ्हाण्याचा आवाज आला.

"बा देवा, शिमेच्या राखणदारा म्हाराजा!"

"होय म्हाराजा," यजमान म्हणाले. गाऱ्हाण्याला साथ द्यावीच लागते.

"चवदा वर्सां ह्या जनावरान आमच्या मागल्या दाराची राखण केल्यान."

"होय म्हाराजा."

"आता तेची ताकद सरली. ता तुझ्या पायांकडे सोडतंव. आमचो तेचो संबंद सरलो."

"होय म्हाराजा."

"तेचो जागो रिकामो ठेवूक नाय म्हाराजा. ह्या वर्सा घरात सून हाडलेली आसा. तेच्या जाग्यार ती राखतली. मान्य करून घे रे म्हाराजा!"

"होय म्हाराजा," माझा नवरा म्हणाला.

नारळ फुटला. मला वाटलं, आपण चुकून दुसऱ्या कुणाबद्दलचं ऐकलं. मग वाटलं, बोलायची रीत असेल. गोणी दगडापलीकडे एका रानटी झुडपाच्या सावलीत ठेवली गेली. मी करवंटीत पाणी ठेवलं. कापितांवने माझ्याकडे बघितलं नाही. तो घराच्या दिशेला बघत होता.

"फाटी पळेव नको," सासरे म्हणाले.

मी बघितलं.

त्या दुपारी मला झोप लागली. लग्नानंतर पहिल्यांदाच, आणि गाढ. जाग आली तेव्हा मी उभी होते.

मागल्या दारात. पायाखाली शेणाने सारवलेली गार जमीन, दोन्ही हात चौकटीला. मी कधी उठले, कशी आले, ठाऊक नाही. ऊन इतकं पांढरं होतं की परस धुतलेल्या धोतरासारखा दिसत होता. किडे गप्प होते. खुराड्याखालच्या कोंबड्या एकमेकींत डोकी खुपसून बसल्या होत्या. आणि वास आला… ओल्या केसांचा. न्हाऊन आलेलं माणूस अगदी जवळून गेलं तर येतो तसा. मे महिन्यात, जिथं विहिरीला दोर पुरत नाही, तिथं.

बेड्याचा वरचा बांबू सरकला. कुणी दिसलं नाही. तो सावकाश, न वाजवता, खाचेतून निघाला आणि पायवाटेच्या बाजूला खाली टेकला.

मग किडे सुरू झाले.

मी कुणाला काही बोलले नाही. नवी सून काहीबाही बघते, एवढं पसरायला एक दुपार पुरते.

दुसऱ्या दिवशी मी निजायचंच नाही असं ठरवलं. तांदूळ निवडायला बसले. सूप मांडीवर होतं एवढं आठवतं. पुन्हा दारात उभी. पुन्हा तो वास, आणि दुसरा बांबू निघून पहिल्याशेजारी टेकत होता. ह्या खेपेला मला माझा जबडा जाणवला. दात एकमेकांवर घट्ट बसले होते, ओठ वर ओढले गेले होते, आणि छातीच्या तळातून एक घरघर येत होती. दम्याची असावी तशी. पण दम्याची नव्हती.

भीती वाटली का म्हणाल, तर वाटली. पण भीतीच्या वर संताप होता. उरलंसुरलं जेवायचं, सगळे निजले की जागायचं, हाक मारली की यायचं, हे सगळं मी सुनेचं काम म्हणून मुकाट्याने पत्करलं होतं. त्यात हे कुणी घातलं? मला न विचारता, माझ्या समोर, नारळ फोडून!

संध्याकाळी यजमान हातपाय धुवत होते तिथंच मी त्यांना गाठलं.

"अहो, तुम्ही 'होय म्हाराजा' म्हणालात."

"कित्याक?"

"माझ्या नावाला. कुत्र्याच्या जागी."

ते ओशाळं हसले. "गो, ता म्हणूचाच लागता. गाऱ्हाण्यात कोण 'नाय म्हाराजा' म्हणता?"

"बेड्याचे बांबू कोण काढतंय, बघितलंत? दोन काढून झाले. एक राहिलाय."

ते बेड्याकडे बघत राहिले. हसू तोंडावरच राहून गेलं होतं, मालक निघून गेलेल्या घरासारखं. त्या घरात जन्मलेला माणूस, त्याला मी काही नवीन सांगत नव्हते, हे मला त्या क्षणी कळलं.

"सकाळी ट्रक काढा," मी म्हटलं. "कापितांवला आणायचंय."

"बाबा…"

"बाबांना मी बघते."

तो जिवंत होता. गोणीतून बाहेर आला होता आणि दगडाच्या अलीकडे, आमच्या बाजूला, सरपटत पोचला होता. कातळावर त्याच्या पोटाचा ओढलेला माग होता. करवंटीतलं पाणी तसंच. ह्या माणसांनी संबंध सरल्याचं देवाला सांगितलं होतं. ते त्याला कुणी सांगितलं नव्हतं. मी त्याला उचललं. चौदा वर्षांचं कुत्रं, आणि वजन वाळल्या नारळाच्या झावळीएवढं.

सासरे ओट्यावर उभेच होते. "शिमेपार केल्लां जनावर परत हाडतंस? तुज्या आवयबापायन हाच शिकयलां तुका?"

"माझ्या आईवडलांनी मला लग्न करून दिलं, बाबा. राखणीला नाही दिलं."

इतकं मोठ्याने मी त्या घरात कधी बोलले नव्हते. शेजारच्या ओट्यावरची मराठी-कोंकणी थांबली.

"ती बोलूची पद्धत," त्यांचा आवाज उतरला. "राखणदाराक रिकामो जागो दाखवूचो नसता. कोणाचां तरी नाव घेवचां लागता."

"मग तुमचं घ्यायचं."

"मी घराचो यजमान!"

"घर राखायला यजमानापेक्षा बरं कोण?"

ते वाटेतून बाजूला झाले. मी कापितांवला आत नेलं, पुढच्या दाराने, देवघरासमोरून, आणि मागल्या दारात माझ्या लुगड्याच्या घडीवर ठेवलं. जेवायला मी गेले नाही. जेवणं झाली, भांडी वाजायची थांबली, घर एकेका खोलीने झोपी गेलं. मी त्याचं डोकं मांडीवर घेतलं. कानामागे त्याला खाजवलेलं आवडायचं. तिथली कातडी अजून पिल्लासारखी मऊ होती.

"खूप केलंस रे," मी म्हटलं. "जा आता. ह्या लोकांचं काही देणं नाही तुझ्यावर."

वृंदावनातलं तुळशीचं पान मी आधीच आणून ठेवलं होतं. पाण्यात बुडवून त्याच्या जिभेवर ठेवलं. त्याने गिळलं. एवढ्यात किडे थांबले.

कापितांवने मान उचलली. उठायला गेला, पुढचे पाय सारवणावर घसरले. त्याने तोंड उघडलं, पण आवाज आला नाही. होता नव्हता तो सगळा सरला होता. तरी नजर बेड्यावर. तिथं शेवटचा, खालचा बांबू थरथरायला लागला. ओल्या केसांचा वास दाट झाला, इतका की माझ्या गालाला गार लागलं.

आणि गुरगुर ऐकू आली. कापितांवची नाही. माझी. ह्या वेळी मी ती थांबवली नाही. त्याच्यावर वाकून, त्याला पोटाशी धरून, मला येत होतं तेवढ्या जोराने मी गुरगुरले. मरू दे त्याला, आधी त्याला मरू दे, मग काय ते बघ, असं काहीतरी त्यात होतं. बांबू थरथरत राहिला… थरथरत राहिला… आणि थांबला.

कापितांवने डोकं माझ्या मनगटावर ठेवलं. किडे सुरू झाले तेव्हा तो नव्हता.

त्याला परसात शेवग्याखाली पुरलं. खड्डा यजमानांनी खणला, न सांगता. निघालेले दोन्ही बांबू मी परत सरकवले. मग हातपाय धुऊन सासऱ्यांपुढे उभी राहिले.

"उद्या शिवेवर जायचं, बाबा. माझं नाव परत घ्यायचं. नाही घेतलंत तर मी बांद्याला निघाले, आणि का निघाले ते प्रत्येक ओट्यावर थांबून सांगत निघेन."

सकाळी ते नारळ घेऊन एकटेच गेले. परत आले तेव्हा घामाने भिजले होते. माझ्याकडे न बघता म्हणाले, "सोडयलां तुका."

मी समाधानाने जेवले. त्या दुपारी मी पडले ती माझ्या मनाने, आणि जाग आली तेव्हा आडवीच होते. कौलं दिसत होती. मी हसले सुद्धा असेन. मग लक्षात आलं की बाहेर शांत आहे. किडे नाहीत.

मागल्या दारात सासूबाई उभ्या होत्या.

पदर कमरेला खोचलेला, दोन्ही हात चौकटीला. पांढऱ्या उन्हात त्यांचा आकार तेवढा दिसत होता. खांदे वर आले होते. मी जवळ गेले तरी त्यांनी मान वळवली नाही.

"आई… त्यांनी तुमचं नाव घेतलं?"

"तू नीज गो."

"माझं काढलं आणि तुमचं घातलं? स्वतःचं नाही, मुलाचं नाही…"

"माका सवय आसा." ओठ जेमतेम हलत होते. "कापितांव येवच्या आदी कोण व्हतां तर? मीच. माजी हळद उतरूक नाय तेवा मांवान, ह्यांच्या बापायन, शिमेर माजां नाव घेतल्यान. धा वर्सां उबी रवलंय. मगे तां पिल्लू हाडलंय. तेका हांगा उबा रवूक शिकयलंय."

मला त्यांची किसणी आठवून राग यायला हवा होता. आला नाही. त्याच म्हणाल्या, "कापितांवाक शिमेर व्हरत व्हते तेवा भियेलंय, परत माजेर येतलां म्हणान. तुजेर गेलां, तेवा बरां वाटलां माका. बोल माका कितें बोलूचां तां."

मी त्यांच्या शेजारी उंबऱ्यावर बसले. आत सासरे घोरत होते, घरच्या यजमानाचं, निर्धास्त, भरल्या पोटाचं घोरणं. हे घर असं किती सुनांवर झोपत आलं असेल, असं मनात येत होतं. सासूबाईंचा हात धरून आत जावं आणि त्या खाटेपाशी उभं राहून ओरडावं असं वाटत होतं.

तेवढ्यात बेड्यापलीकडे, वाळल्या काजूपानांवर, काहीतरी आपटलं. थप्. मग पुन्हा, थप्, थप्. कुत्रं पडल्या पडल्या ओळखीच्या माणसाला बघून शेपूट आपटतं तसं.

माझा जीव वर आला. मी उठले. सासूबाईंच्या बोटांनी माझं मनगट धरलं, तारेने बांधावं तसं.

"बस."

"आई, कापितांव…"

"तो भितर पुरलेलो आसा. शेवग्याखाला." त्यांचा आवाज आता आवाज राहिला नव्हता, श्वास होता. "हां भायर आसा. तो न्हय तो. उत्तर देव नको… माका धा वर्सां तेणां माज्या आवयच्या आवाजान हाक मारल्यान."

पलीकडे शेपूट आपटायची थांबली, जसं काही कुणी कान देऊन ऐकत होतं. मग एक बारीक, लाडिक कण्हणं आलं, आणि वरचा बांबू हलला.